तेरावीचा दाखला

महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयात पदवी अभ्यासक्रमाचा एक तक्ता आहे. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, आयकेएस अशा रकान्यांनी तो गच्च भरला आहे. दुसरं सत्र संपतं तिथे मात्र सगळे रकाने ओलांडून एक आडवी ओळ जाते. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट मिळवले आणि वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर विद्यार्थ्याला इथून बाहेर पडता येईल आणि विद्यापीठ त्याला प्रमाणपत्र देईल, असं ती ओळ सांगते. दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आली, संलग्न महाविद्यालयांत त्यानंतरच्या वर्षी.

एफवायबीए करून कॉलेज सोडणारी मुलंमुली आपल्याला नवीन नाहीत. कुणाचं लग्न ठरतं, कुणाला दुकानावर बसावं लागतं, कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर जातं. आजवर त्यांच्या फायलीत दोन सत्रांच्या मार्कशीट असत आणि एक एलसी. पुढे कधी परत शिकायचं ठरलं तर नोटरीकडे जाऊन गॅप सर्टिफिकेट करून घ्यावं लागे. म्हणजे जे वर्ष शिकलो त्याचा दाखला नाही आणि जी वर्षं शिकलो नाही त्यांचा मात्र प्रतिज्ञापत्रावर, सही-शिक्क्यासह. नवी ओळ या अन्यायावरचा उतारा म्हणून आली आहे. पण ती वाटते तितकी नवी नाही. तिचे पूर्वज शोधत गेलो तर वाट मुंबई, केंब्रिज करत थेट तेराव्या शतकातल्या पॅरिसला पोचते.

तिथे पहिला धक्का बसतो. ज्या बी.ए.ला आपण पुरं शिक्षण मानतो, ती मुळात अर्ध्या वाटेवरची खूण होती. मध्ययुगीन विद्यापीठात कला शाखेचं ध्येय होतं ‘मास्टर’ होणं, म्हणजे शिकवण्याचा परवाना मिळवणं. पॅरिसच्या १२१५ सालच्या नियमांनुसार कला विषय शिकवायला उभं राहायचं तर किमान सहा वर्षं व्याख्यानं ऐकलेली हवीत आणि वयाची वीस वर्षं पुरी हवीत. या लांबच्या प्रवासात मध्येच कुठेतरी विद्यार्थी ‘बॅचलर’ होई. व्याकरण, तर्क यांची तयारी दाखवायची, भर सभेत वादविवाद करायचा आणि गुरूच्या देखरेखीखाली थोडं शिकवायला लागायचं, असा तो उमेदवारीचा टप्पा होता. पुष्कळ जण तिथवरही पोचत नसत आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नसे. लिहितावाचता येणारा, लॅटिन समजणारा माणूस चर्चला किंवा एखाद्या सरदाराच्या कचेरीला तसाही हवाच असे. पुढच्या शतकांत मास्टर होण्याची गरज ओसरत गेली तसा हा मधला टप्पा शेवटचा ठरला. आपल्या कहाणीचा पहिला नियम इथेच मिळतो: पुष्कळ लोक ज्या पायरीवर उतरू लागतात, तिलाच कालांतराने जिना संपल्याचा मान मिळतो.

बी.ए. शेवटची पायरी झाल्यावर तिच्या अलीकडे काही नसल्याची अडचण जाणवू लागली. केंब्रिजमध्ये विद्यार्थी पदवीच्या परीक्षेपर्यंत काय करतो यावर विद्यापीठाची फारशी नजर नव्हती. म्हणून १८२२ साली ठराव झाला आणि १८२४ मध्ये ‘प्रीव्हियस एक्झामिनेशन’ पहिल्यांदा घेतली गेली. ग्रीकमधलं एक शुभवर्तमान, पेलीचं ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरचं पुस्तक, एक लॅटिन लेखक, एक ग्रीक लेखक, एवढाच तिचा जीव. पोरं तिला ‘लिटल-गो’ म्हणत. ही परीक्षा तिथे १९६० पर्यंत टिकली. मात्र ती पास होऊन कुणी काही ‘झालं’ असं नसे. ती वर चढू पाहणाऱ्याला अडवून तपासायची जागा होती, तिथून बाहेर पडणाऱ्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

हीच परीक्षा थोड्याच दशकांत मुंबई इलाख्यात आली आणि इथे तिचा स्वभाव पालटला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली. मुंबईच्या कायद्याची तारीख १८ जुलै १८५७. नमुना लंडन विद्यापीठाचा: शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार बी.ए. झाले. मॅट्रिक आणि बी.ए. यांच्या मधल्या वाटेवर परीक्षांची ठाणी बसली. त्यांची नावं आणि संख्या अधूनमधून बदलत राहिली, पण १८८० च्या दशकात कॉलेजच्या पहिल्या वर्षाअखेरची ‘प्रीव्हियस’ इथे चांगली रुळलेली दिसते.

केंब्रिजचा विद्यार्थी प्रीव्हियस देई तेव्हा त्याच्या पाठीशी घरचा जमीनजुमला किंवा चर्चमधली जागा असे. रत्नागिरी-सातारा-कोल्हापूरच्या मुलामागे असे एखाद्या भावाचा पगार. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले बंधू गोविंदराव स्वतःचं शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. गोखल्यांचं कॉलेज सुरू झालं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, मध्ये पुण्याचं डेक्कन आलं आणि १८८४ साली बी.ए. झाली ती मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. इतकी फिरती हौसेने होत नसे. गावाजवळच्या कॉलेजांत वरचे वर्ग असतीलच असं नव्हतं. १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघालं, तेही प्रीव्हियसच्या वर्गापासून. म्हणजे कला शाखेचं पहिलं वर्ष घराजवळ मिळू शकत होतं, पुढच्यासाठी शहर गाठावं लागे आणि शहर म्हणजे खाणावळ, खोली, फी. केंब्रिजमध्ये जी फक्त तपासणी होती ती इथे अनेकांसाठी शेवटचा मुक्काम ठरली. कारण बुद्धीचं नव्हतं, खर्चाचं होतं.

हे पहिलं वर्ष कसं कसं वाया जाई याच्या दोन गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यासाकडे पाठ फिरवून तालमीत घालवलं आणि प्रकृती कमावली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आजच्या हिशेबाने त्यांच्या खात्यात क्रीडेसारख्या सहअभ्यासक्रमाचे मोजके क्रेडिट जमा झाले असते, प्रमाणपत्र काही मिळालं नसतं. दुसरी गोष्ट मोहनदास गांधींची. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होऊन १८८८ च्या आरंभी ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. इंग्रजीतली व्याख्यानं डोक्यावरून गेली आणि पहिली टर्म संपताच ते घरी परतले. तिथे मावजी दवे या कुटुंबाच्या सल्लागाराने रोकडा हिशेब मांडला: बी.ए.ला चार-पाच वर्षं जाणार आणि हाती येणार फार तर साठ रुपयांची नोकरी, त्यापेक्षा पोराला बॅरिस्टर करा. या हिशेबात अर्धवट राहिलेल्या टर्मला किंमतच नव्हती. टर्म सोडली म्हणजे सगळं सोडलं.

विसाव्या शतकात ‘इंटर’चं राज्य आलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मुंबईत अकरावीला एसएससी, मग फर्स्ट इयर, इंटर, ज्युनिअर बी.ए. आणि सीनिअर बी.ए. अशी चार वर्षं होती. वडीलधारी माणसं अजूनही ‘आमचे काका इंटर झाले होते’ असं सांगतात ते या काळातलं. सायन्सची इंटर हा मोठा नाका होता: तिथून मेडिकलला किंवा इंजिनिअरिंगला वळता येई, म्हणून तिथल्या टक्क्यांवर घरं झोपत नसत. आर्ट्सच्या इंटरपुढे असं कुणी दार उघडून उभं नव्हतं. पुढे जा, नाहीतर मॅट्रिकवाल्याच्याच रांगेत दोन पावलं पुढे उभे राहा. अर्जांवर, पाट्यांवर ‘बी.ए. नापास’ लिहिण्याची जी पद्धत हिंदुस्थानभर थट्टेचा विषय झाली होती, तिच्यामागे हेच होतं. लोकांना आपण कुठवर शिकलो हे सांगायचं होतं आणि सांगायला दुसरा कागद नव्हता.

इंटरवर येऊन थबकण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे भीमराव आंबेडकर. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटर झाल्यावर पुढच्या खर्चाची वाट दिसेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द पोचवला आणि बडोद्याची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ती नसती तर तो विद्यार्थी कागदोपत्री ‘इंटर’ म्हणूनच राहिला असता. मधल्या पायरीवर उतरणारे सगळे आपण होऊन उतरतात, असं समजून धोरणं आखणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. त्या वेळी आंबेडकरांना उतरण्यासाठी सन्मानाचा दाखला नको होता, पुढे जायला २५ रुपये हवे होते.

कागदाची किंमत तो देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यावर ठरते, हे याच काळात पुण्यात वेगळ्या रीतीने दिसलं. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. मराठी माध्यम, मुलींना झेपेल अशी वर्षांची आखणी आणि ‘गृहीतागमा’ अशी स्वतंत्र पदवी. १९२१ मध्ये सुरू झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने ‘वाङ्मय विशारद’ दिली. दोन्हीकडचं शिक्षण कसदार होतं. पण सरकारी नोकरीच्या दारात मुंबई विद्यापीठाची इंटर जितकी चटकन ओळखली जाई तितकी ही नावं ओळखली जात नसत. कर्व्यांच्या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळायला १९५१ साल उजाडलं. ही माणसं पदरमोड करून, वर्गणी गोळा करून नवा दाखला घडवू शकली, पण त्याला बाजारात मान मिळवून देणं त्यांच्या हातात नव्हतं.

दरम्यान सन्मानाने उतरण्याची कल्पना अमेरिकेत जन्मली होती. १८९२ साली उघडलेल्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीची चार वर्षं दोन दोनमध्ये विभागली आणि १९०० पासून पहिली दोन वर्षं पुरी करणाऱ्याला ‘असोसिएट’ ही पदवी द्यायला सुरुवात केली. त्यांच्या युक्तिवादाला दोन बाजू होत्या. ज्याला पुढे जाणं जमत नाही त्याने खाली मान न घालता थांबावं, ही एक. आणि ज्यांचा ओढा संशोधनाकडे नाही अशांनी वरच्या वर्गांत गर्दी करू नये, ही दुसरी. करुणा आणि चाळण एकाच कागदात आली. पुढे असा दाखला जिथे जिथे आला तिथे या दोन्ही गोष्टी बरोबर आल्या आणि त्यातली कोणती वरचढ ठरते हे दर वेळी पैशांवर ठरलं. ब्रिटनमध्ये १९७२ च्या जेम्स समितीने दोन वर्षांच्या पदविकेची शिफारस केली. तिथे आज पहिल्या वर्षाचे १२० क्रेडिट पुरे करून निघणाऱ्याला ‘सर्टिफिकेट ऑफ हायर एज्युकेशन’ मिळू शकतं. वर्ष पुरं झालं की हक्क तयार. वेगळी उन्हाळी कामगिरी लागत नाही.

भारतात मात्र उलट दिशेने विचार चालला होता. १९१७ ते १९१९ मध्ये काम केलेल्या सॅडलर आयोगाने इंटर विद्यापीठातून काढून शाळेच्या बाजूला ढकला असं सांगितलं. उत्तर प्रदेशात १९२१ पासून इंटरमीडिएटचं वेगळं बोर्ड झालं, म्हणून तिथे बारावीला आजही ‘इंटर’ म्हणतात. मग राधाकृष्णन आयोग, मुदलियार आयोग आणि अखेर १९६४-६६ चा कोठारी आयोग. या शेवटच्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. देशभर कुठे अकरा, कुठे दहा वर्षांची शाळा, कुठे पी.यू.सी., कुठे प्री-डिग्री असा गोंधळ होता. तो मिटवायला १०+२+३ चं सूत्र आलं. महाराष्ट्रात नवी दहावीची परीक्षा १९७५ साली झाली आणि पहिली बारावी १९७७ साली.

पूर्वी अकरावीच्या एसएससीनंतर चार, म्हणजे एकूण १५ वर्षं. आता बारावीनंतर तीन, पुन्हा १५. एकूण काळात एका दिवसाचाही फरक पडला नाही, फक्त मधल्या खुणा हलल्या. जुनी इंटर शिक्षणाच्या तेराव्या वर्षी येई. १०+२+३ मध्ये तेराव्या वर्षी एफवाय आलं आणि त्या जागी कसलीच खूण उरली नाही. महाराष्ट्राने अकरावी-बारावी बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्या आवारातच ठेवली आणि तिला ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटलं. जुनं फर्स्ट इयर विद्यापीठातून कापून काढलं, पण इमारतीतून हलवलं नाही. त्यामुळे आपल्याकडे मूल सोळाव्या वर्षी ‘कॉलेजात’ जातं आणि अठराव्या वर्षी पुन्हा एकदा ‘पहिल्या वर्षाला’ बसतं.

बिनखुणेच्या त्या तीन वर्षांत विद्यापीठांनी एक देशी युक्ती शोधली: एटीकेटी. काही विषय राहिले तरी टर्म भरू द्यायची, वरच्या वर्गात बसू द्यायचं आणि राहिलेले पेपर मागाहून सोडवून घ्यायचे. कुणी कितीही नाकं मुरडली तरी तिने असंख्य मुलांना गळण्यापासून वाचवलं आहे. तिच्यामागचा विचार हार्परच्या नेमका उलट होता. हार्पर म्हणत होता, थांबणाऱ्याला मानाने जाऊ द्या. एटीकेटी म्हणत होती, अडखळलास तरी चालेल, पण जाऊ नकोस. एटीकेटीवर एफवाय ओलांडलेला विद्यार्थी कॉलेजात राहत होता हे तिचं यश. दाखला तिने कधीच दिला नाही आणि तिची ती मर्यादा होती.

मग २०१३ साली दिल्ली विद्यापीठाने चार वर्षांची पदवी आणली. तिच्यात दोन वर्षांनी पदविका घेऊन निघायची सोय होती. ती एका वर्षात, जून २०१४ मध्ये गुंडाळली गेली. पण कल्पना मेली नाही. २९ जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला देशभराचं रूप दिलं आणि उतरण्याची पहिली जागा दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. बरोबर एक वर्षाने क्रेडिट बँक सुरू झाली: मिळवलेले क्रेडिट सात वर्षं खात्यात राहतील, तीन वर्षांच्या आत परत येता येईल. बारा आणि एक, तेरा. ज्या खुणेला आपण १९७५ नंतर पुसलं होतं, त्याच तेराव्या वर्षी नवं प्रमाणपत्र येऊन बसलं आहे. नाव इंग्रजी, भाषा क्रेडिटची, पण वयाने आणि जागेने ती जुनी इंटर आर्ट्सच.

तिचे जुने दोषही बरोबर आले आहेत आणि एक नवा जोडला गेला आहे. सिद्धांताच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे १५ तास. ४० क्रेडिट म्हणजे वर्गातले किमान ६०० तास आणि सगळे विषय सुटलेले हवेत. पण एफवायनंतर गळणारी मुलं बहुधा तीच असतात ज्यांचे विषय राहिलेले आहेत किंवा ज्यांच्या घरी पैसे संपलेले आहेत. पहिल्या गटाचे ४० क्रेडिट होत नाहीत. दुसऱ्या गटाने क्रेडिट मिळवले तरी वरच्या चार क्रेडिटसाठी त्याला उन्हाळ्यात आणखी थांबावं लागणार, म्हणजे ज्या कमाईसाठी शिक्षण सोडायचं तीच पुढे ढकलायची. दार उघडं आहे, पण ते त्याच विद्यार्थ्याच्या मापाचं आहे ज्याला बाहेर पडायची फारशी गरज नाही.

दुसरा दोष शंभर वर्षांचा आहे आणि तो आर्ट्सला जास्त टोचतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेला बसायला पदवी लागते. या दोन ओळींच्या मध्ये इतिहास किंवा राज्यशास्त्र एक वर्ष शिकलेल्या मुलासाठी जागा नाही. आयटीआयच्या एका वर्षाच्या कोर्सला निदान कारखान्याच्या फाटकावर नाव आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाने मुलाला काय येऊ लागलं, हे विद्यापीठ मार्कशीटवर विषयांच्या नावांनी सांगतं. तो अर्ज लिहू शकतो का, चार कागद वाचून एक टिपण काढू शकतो का, दोन भाषांत काम करू शकतो का, हे मालकाला कळावं असं त्यावर काही नाही. इंटर आर्ट्सचं हेच झालं होतं.

म्हणून या दाखल्याचं भवितव्य विद्यापीठाच्या सभागृहात ठरणार नाही. ज्या शासनाने ती आडवी ओळ लिहिली त्याच शासनाने नोकरभरतीच्या जाहिरातीत ‘बारावी उत्तीर्ण’ आणि ‘पदवीधर’ यांच्यामध्ये तिसरी ओळ घालायला हवी: लिपिक, ग्रंथालय सहायक, ग्रामपंचायतीतला डेटा एंट्रीवाला, अशा निदान काही पदांसाठी, थोड्या वरच्या वेतनाने. चार जादा क्रेडिट काम करता करता मिळवायची मुभा द्यायला हवी. आणि परत येणाऱ्याची फी भरण्याची सोय हवी, कारण सात वर्षं जपलेले क्रेडिट वापरायला पुन्हा पैसे लागतातच. यातलं काहीच झालं नाही तर तेरावीचा दाखला हे ‘बी.ए. नापास’चंच नवं, नीटनेटकं छापलेलं रूप ठरेल. झालं, तर पॅरिसपासून चालत आलेल्या या आठशे वर्षांच्या इतिहासात मधल्या पायरीवर उतरणाऱ्याला पहिल्यांदाच त्याच्या शिक्षणाची पूर्ण मजुरी मिळेल.